परवडत नसेल तर घरी बसा!

गेल्या गणपतीत आमचे साडू पुण्याहून आले होते. जेवणे झाली, पानाचा डबा मधे आला आणि बोलता बोलता विषय फुटबॉलवर गेला. आमच्या कोल्हापुरात कुठलाही विषय दोन पानांच्या आत फुटबॉलवर नाही तर कुस्तीवर जातोच, त्यात नवल काही नाही. नवल पुढेच घडले. माझा एक भाचा इंग्लंडात मँचेस्टरजवळ नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितलेली एक हकिकत मी साडूंना ऐकवली. मँचेस्टर युनायटेड या जगप्रसिद्ध क्लबाने २०२४ च्या नोव्हेंबरात, ऐन हंगामाच्या मध्यावर, सभासदांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड करून टाकला. लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. आपल्या पैशांत सात हजारांच्या वर. नवरा, बायको आणि दोन पोरे अशा चौघांनी एक सामना पाहायचा म्हटला तर २६४ पौंड, म्हणजे अठ्ठावीस हजार रुपयांच्या घरात! तेही नव्वद मिनिटांसाठी. खाणेपिणे आणि येणेजाणे वेगळे.

साडूंनी सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि शांतपणे म्हणाले, "मग? परवडत नसेल तर घरी बसावे. ताजमध्ये चहा महाग मिळतो म्हणून तुम्ही ताजवर मोर्चा नेता काय?"

साडू हिशेबतपासनीस आहेत. त्यांच्या बोलण्यात नेहमी एक जमाखर्च बरोबर जुळलेला असतो. शिवाय ते थोरले. घरच्या बायकांच्या देखत त्यांच्याशी हुज्जत घालणे बरे दिसत नाही. मी गप्प बसलो. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेले नाही. वर्गात मुलांना निसर्गचित्र काढायला बसवावे आणि मला ते ऐकू यावे: परवडत नसेल तर घरी बसा! असो. तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितो. साडू दिवाळी अंक वाचतात. विकत घेतात की नाही, ते ठाऊक नाही.

प्रथम माझी पात्रता सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको. मी मॅट्रिक. त्यापुढे चित्रकलेच्या शिक्षकाची परीक्षा दिली आणि वीस-बावीस वर्षे रंगाच्या बशा धुतो आहे. चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन प्रकाशकाच्या माळ्यावर आहेत. अर्थशास्त्राचे पुस्तक मी उघडलेले नाही. पण फुटबॉल पाहतो आहे तो बापाच्या खांद्यावर बसून पाहायचो तेव्हापासून. कुठल्या तालमीचा, ते इथे सांगत नाही. सांगितले तर गावातले अर्धे वाचक अंक इथेच मिटतील.

आणि ताजच्या चहाचे उत्तर नेमके इथेच आहे. ताजचा चहा महाग वाटला तर मी शेजारच्या इराण्याकडे जाईन, तिथे नाही पटले तर टपरीवर. चहा तो चहा. पण पाटाकडीलचे तिकीट महाग झाले म्हणून त्यांचा माणूस उद्यापासून खंडोबा तालमीच्या नावाने ओरडू लागेल काय? दिलबहारचा माणूस बालगोपालकडे जाईल काय? आमच्याकडे एका पेठेची मुलगी दुसऱ्या पेठेत देतात, भाऊबंदकीत शेत विकतात, पक्षांतर तर सकाळ-संध्याकाळ करतात. पण संघ बदललेला माणूस मी पाहिलेला नाही. इंग्लंडातही हेच. लिव्हरपूलचा माणूस स्वस्त पडते म्हणून एव्हर्टनच्या मैदानावर जाऊन बसला असे कधी ऐकले आहे? ज्या गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नाही, त्याच्यापुढे 'बाजारभाव' हा शब्द उच्चारणे हा शब्दाचा गैरवापर आहे. गावात एकच विहीर असावी आणि तिच्या मालकाने पाण्याला भाव लावून 'नको असेल तर पिऊ नका' म्हणावे, त्यातला हा प्रकार. तहान त्याला ठाऊक असते, म्हणून तर तो भाव लावतो.

बरे, ही विहीर खणली कुणी? मँचेस्टर युनायटेडचा जन्म १८७८ सालचा. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी न्यूटन हीथ या नावाने तो संघ उभा केला. लंडनचे आर्सेनल १८८६ साली वुलिचच्या तोफखान्यातल्या कामगारांनी काढले. वेस्ट हॅमच्या मुळाशी टेम्सकाठचा जहाजबांधणीचा कारखाना आहे. शनिवारी दुपारी गिरणीला सुटी मिळू लागली म्हणून शनिवारी तीनला सामना सुरू होऊ लागला. खेळाची वेळसुद्धा मजुराच्या भोंग्याने ठरवलेली! आमच्या तालमींची गोष्ट काही निराळी नाही. कुस्तीच्या आखाड्यात घुमणाऱ्या पोरांनी संध्याकाळी चेंडू लाथाडायला सुरुवात केली आणि तालमीचेच नाव संघाला लागले.

त्या इंग्रजांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या फुटबॉल असोसिएशनने फार पूर्वी एक नियम घालून ठेवला होता. क्लब कंपनी म्हणून नोंदवलात तरी भागधारकांना नफा वाटण्यावर मर्यादा, आणि संचालकांनी पगार घ्यायचा नाही. म्हणजे क्लब हे दुकान नव्हे, हे त्या नियमकर्त्यांना आपल्या साडूंपेक्षा पुष्कळ आधी कळले होते. पुढे १९८३ साली टॉटनहॅम क्लबाने वर एक निराळी कंपनी काढली, क्लब तिच्या पोटात घातला, कंपनीचे भाग शेअरबाजारात विकले, आणि नियम जागच्या जागी राहून निरुपयोगी झाला. कुंपण मोडलेच नाही, त्याखालून बोगदा खणला. मग एकामागून एक बरेच जण त्या बोगद्यातून गेले.

त्यानंतरची गोष्ट मात्र हसत सांगण्यासारखी नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या सामन्यात उभे राहायच्या जागेत माणसे चेंगरली. अखेर मृतांचा आकडा ९७ झाला. सत्त्याण्णवावा माणूस तर तेव्हाच्या दुखण्याने २०२१ साली गेला. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० च्या जानेवारीत अंतिम अहवाल दिला आणि मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायच्या जागा कराव्यात, असे सुचवले. पण त्या सज्जन माणसाला पुढचे दिसत होते. खुर्च्या आल्या म्हणून भाव भरमसाट वाढवायचे कारण नाही, असे सांगून त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला: तिथे बसायला ६ पौंड आणि उभे राहायला ४. म्हणजे खुर्चीची किंमत दोन पौंड अधिक. अहवालातल्या खुर्च्या सगळ्यांनी घेतल्या, आणि दोन पौंडांचा तो हिशेब मात्र कुणी घेतला नाही. १९९२ साली प्रीमियर लीग निघाली, दूरदर्शनवाल्यांचा पैसा आला, आणि तिकिटांचे भाव महागाईला कितीतरी मागे टाकून वर चढत गेले. माणसे मेली ती सुरक्षित जागा नव्हती म्हणून. आणि सुरक्षित जागा झाल्यावर तिथून त्याच माणसांच्या भावंडांना भावाने बाहेर काढले. साडूभाऊ, हा जमाखर्च कोणत्या वहीत लिहायचा?

आता साडूंचा दुसरा मुद्दा. तो त्यांनी मोदकाच्या दुसऱ्या फेरीत मांडला होता: "खेळाडूंचे पगार केवढे! ते कुठून द्यायचे?" मुद्दा वजनदार दिसतो. पण ज्या प्रीमियर लीगबद्दल आपण बोलतो, तिथल्या क्लबांच्या एकंदर मिळकतीत सामन्याच्या दिवशी मैदानावरून येणारा पैसा ढोबळ मानाने सातवा हिस्सा असतो. बाकीचा दूरदर्शनचा आणि जाहिरातींचा. म्हणजे पगार तुमच्या-माझ्या तिकिटावर चालत नाहीत. चालतात असे सांगितले जाते.

पुरावा हवा? लिव्हरपूलची १९१६ ची नव्हे, २०१६ ची गोष्ट घ्या. (शंभर वर्षांची चूक माझ्या हातून कच्च्या प्रतीत झाली होती, ती तशीच ठेवतो, कारण १९१६ साली अशी गोष्ट घडणे शक्यच नव्हते.) क्लबाने नवा मोठा स्टँड बांधायला घेतला होता आणि पुढल्या हंगामासाठी सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडांवरून ७७ पौंडांवर नेण्याचे जाहीर केले. तेव्हाच्या दराने साडेसात हजार रुपये. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलंडविरुद्ध सामना होता. लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे. सामन्याचे ७७ वे मिनिट लागले आणि सुमारे दहा हजार माणसे उठून चालती झाली. दगड नाही, काच फुटली नाही. आपला संघ जिंकत असताना पाठ फिरवून बाहेर पडणे म्हणजे काय, हे ज्याने कधी संघ मानला नाही त्याला समजायचे नाही. घरचे लग्न लागत असताना मांडवातून उठून जाण्यासारखे आहे ते. आणि गंमत पाहा, माणसे गेली आणि संडरलंडने उरलेल्या मिनिटांत दोन गोल केले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला! चारच दिवसांनी, १० फेब्रुवारीला, अमेरिकेतल्या मालकांनी जाहीर माफी मागितली, ७७ पौंड रद्द केले आणि सर्वांत महाग तिकीट दोन हंगाम ५९ वरच ठेवण्याचे वचन दिले.

तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. प्रीमियर लीगने २०१६ ते २०१९ या तीन हंगामांसाठी नुसत्या ब्रिटनमधल्या दूरदर्शनचे हक्क विकले होते ते ५१३ कोटी पौंडांहून अधिक किमतीला. वीस क्लब, तीन वर्षे. सरळ भागाकार केला तर दर क्लबाला दर वर्षी सरासरी साडेआठ कोटी पौंड. आता समजा, लिव्हरपूलने ती १८ पौंडांची वाढ सगळ्या ५४ हजार जागांवर लावली असती (लावणार नव्हतेच, ती वरच्या जागांवरच होती), आणि घरचे १९ च्या १९ सामने तुडुंब भरले असते, तरी वर्षाला मिळाले असते एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांच्या आसपास. म्हणजे सगळे गणित त्यांच्या बाजूने ओढूनताणून केले तरी एका दूरदर्शनच्या कराराचा चौथा भाग भरत नाही. मॅट्रिकच्या गणिताने एवढे समजते. घरात धान्याची पोती आली असताना गड्याच्या भाकरीचा चतकोर काढून घ्यायचा, याला अडचण म्हणत नाहीत. दुसरा शब्द आहे.

त्या लिव्हरपूलच्या मैदानावर गोलमागे एक प्रसिद्ध स्टँड आहे, त्याला 'कॉप' म्हणतात. १९९४ पर्यंत तिथे माणसे उभी राहत. हे नाव आले दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कॉप नावाच्या टेकडीवरून. १९०० सालच्या जानेवारीत बोअर युद्धात तिथे मोठी लढाई झाली. त्या लढाईत जखमींना झोळ्यांतून वाहून नेणाऱ्या हिंदी स्वयंसेवकांत बॅरिस्टर गांधी होते, हे किती जणांना ठाऊक असते? विषयाशी याचा संबंध नाही. पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

पुन्हा मुद्द्यावर येतो. प्रेक्षक हा गिऱ्हाईक आहे, असे आपण घटकाभर धरून चालू. तो विकत काय घेतो? साडू म्हणतील, खेळ. तर मग २०२० सालचा उन्हाळा आठवा. महामारीत बंद पडलेले सामने पुन्हा सुरू झाले ते रिकाम्या मैदानांवर. खेळाडू तेच, चेंडू तोच, गोलही होत होते. आणि दूरदर्शनवाल्यांनी काय केले? जुन्या गर्दीच्या आवाजाची मुद्रणे काढून सामन्याच्या पाठीमागे लावली! कारण गर्दीशिवाय तो खेळ घरबसल्या पाहणाऱ्यालाही अळणी लागत होता. मी तो सामना पाहताना अंगावर काटा आला होता, आणि तो चांगला काटा नव्हता. म्हणजे गोलमागे उभा राहून घसा कोरडा करणारा माणूस हा मालाचाच एक भाग आहे. त्याचा आवाज टोकियोपासून टोरांटोपर्यंत विकला जातो. तमाशातल्या झीलकऱ्याला निदान सुपारीतले चार पैसे मिळतात. इथे झीलकऱ्याकडूनच तिकिटाचे पैसे घ्यायचे आणि वर त्याला 'परवडत नसेल तर घरी बस' म्हणायचे!

जर्मनांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे नियम असा की, मोजके अपवाद सोडले तर क्लबातली निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत. पैसेवाल्याने पैसा आणावा, पण मालकी गाजवू नये. डॉर्टमुंडच्या मैदानावर दक्षिणेच्या बाजूला एकच अवाढव्य स्टँड आहे. जवळजवळ पंचवीस हजार माणसे तिथे उभी राहतात, आणि तिथले तिकीट वीस युरोंच्या आत आहे. अंगात पिवळे सदरे, जसा काही झेंडूचा मळा. आणि एवढे असूनही ते लोक गाफील नसतात. २०१६ च्या त्याच फेब्रुवारीत स्टुटगार्टमध्ये चषकाच्या सामन्याला पाहुण्या प्रेक्षकांसाठी भाव जास्त लावले, तेव्हा डॉर्टमुंडची मंडळी सामना सुरू होऊन वीस मिनिटे झाल्यावर आत आली आणि त्यांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. टेनिस हा श्रीमंतांचा खेळ, हा त्यातला टोला. साडू म्हणतील, म्हणूनच जर्मन क्लब इंग्रजांइतके श्रीमंत नाहीत. कबूल. नसू द्या.

इंग्रजांनीही एक गोष्ट बरी केली. २०१६-१७ च्या हंगामापासून परगावच्या सामन्याला आलेल्या प्रेक्षकांना ३० पौंडांपेक्षा अधिक भाव लावायचा नाही, असे सगळ्या क्लबांनी मिळून ठरवले. दुष्काळ पडला नाही, क्लब बुडाले नाहीत. म्हणजे ठरवले तर ठरवता येते. पण त्याच लंडनमध्ये फुलहॅम क्लबाने नदीकाठच्या नव्या स्टँडमधल्या काही जागांसाठी हंगामाला ३,००० पौंड लावले, तेही २०२३ साली. आणि २०२६ च्या विश्वचषकाची तिकिटे जाहीर झाली तेव्हा युरोपातल्या प्रेक्षक-संघटनांनी एवढा गिल्ला केला की, २०२५ च्या डिसेंबरात फिफाला प्रत्येक सामन्याची थोडी तिकिटे ६० डॉलरना राखून ठेवावी लागली. ओरडल्याशिवाय एक पैसा कमी होत नाही, हे तिथे सगळ्यांना समजले आहे.

एक आक्षेप मात्र मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. तिकीट स्वस्त ठेवले आणि मागणी मोठी असली की मधला दलाल उठतो. आपण हे सिनेमाच्या खिडकीवर 'दस का बीस' ऐकत पाहिले आहे. कलकत्त्यात २९ जुलै १९११ रोजी मोहनबागानने अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ ने हरवले, त्या दिवशीही तिकिटे काळ्या बाजारात गेली होती म्हणतात. आणि ज्यांना मैदान दिसत नव्हते त्यांना पतंग उडवून गोल कळवले जात होते. तेव्हा दलाल हा काही आजचा प्राणी नाही. पण दलाल पैसे घेईल म्हणून ते पैसे मालकानेच घ्यावेत, हा कुठला न्याय? इंग्लंडात १९९४ च्या कायद्याने फुटबॉलचे तिकीट परवानगीवाचून विकणे हा गुन्हाच ठरवला आहे. चोर येतो म्हणून दाराला कुलूप लावतात. चोराच्या आधी आपणच घर लुटत नाहीत.

इथवर मी परक्यांच्या मालकांवर तोंडसुख घेतले. ते सोपे असते. आता माझे सांगतो.

गेल्या हंगामात मी एका स्पर्धेच्या समितीत होतो. स्पर्धेचे नाव सांगत नाही, आणि वाचकांनीही तर्क लढवू नयेत. अंतिम सामन्याचे तिकीट तीस रुपयांवरून शंभर करावे, असा ठराव आला. पंचांचे मानधन, बाहेरगावच्या संघांचा खर्च, बक्षिसाची रक्कम, सगळे वाढलेले. खजिनदारांनी वही पुढे ठेवली. शंभर रुपयांत आजकाल होते काय, असे कुणीसे म्हणाले. आणि ठरावाला हात वर करणाऱ्यांत मी होतो. लिव्हरपूलच्या त्या दहा हजारांची गोष्ट वर्गात पोरांना रंगवून सांगणारा मी!

अंतिम सामन्याचा हिशेब नंतर आला. आधीच्या वर्षी पाच हजारांवर माणूस, गल्ला दीड लाखाच्या पुढे. यंदा माणूस अडीच हजारांच्या आत, गल्ला दोन लाख चाळीस हजार. खजिनदार खूश. साडूंचे गणित तंतोतंत बरोबर ठरले: माणसे निम्मी झाली आणि पैसे वाढले. पण त्या दिवशी मैदानावर पहिला गोल झाला तेव्हा जो आवाज उठला तो ऐकून मी शेजाऱ्याकडे पाहिले. त्यानेही माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

गुळाच्या अड्ड्यावर हमाली करणारे एक मामा आहेत. माझ्या आठवणीत उत्तरेकडच्या गोलमागे ते एकाच जागी उभे राहत आले. बसत नसत. पंचाला शिव्या देण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही, आणि मेलेल्या खेळाडूंची नावे त्यांना सालांसकट पाठ. ते दिसले नाहीत. पुढल्या आठवड्यात बाजारात भेटले तेव्हा मी विचारले. म्हणाले, "मास्तर, मी आन् दोन नातवं. तिनशे रुपय झालं की वो. दोघास्नी सोडून एकट्यानं कसं जायाचं? बघितला की मोबाईलवर. झ्याक दिसतंय." तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते.

दुसरी गोष्ट. दरवर्षी सहामाहीला मी सातवीच्या मुलांना 'फुटबॉलचा सामना' हा विषय देतो. पोरे खेळाडू कसेबसे काढतात, पाय तर कुणालाच जमत नाहीत, पण गर्दी झोकात काढतात: हजारो रंगीत ठिपके, झेंडे, भिंतीवर चढलेली माणसे. यंदाच्या गठ्ठ्यात तीन चित्रे निराळी निघाली. एक हात, हातात मोबाईल, आणि त्या चौकटीत हिरवे मैदान. गर्दी नाही. चित्रे चांगली होती. एकाला तर मी सर्वांत अधिक गुण दिले. मग कितीतरी वेळ तो कागद टेबलावरच राहिला.

आमच्या शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले ते रोमचे जुने प्रेक्षागार पाहून आल्यावर, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या मैदानात कुठेही बसा, आखाडा दिसतो. मातीत बसलेल्या गड्यालाही दिसतो. ते बांधताना राजाला हिशेबतपासनीस भेटला नसेल, असे नाही.

साडूंना मी गेल्या पंधरवड्यात फोन करून हे सारे ऐकवले. ते हसले आणि म्हणाले, "लिहा, लिहा. पण पंचांचे मानधन कोण भरणार, ते आधी लिहा." प्रश्न रास्त आहे. म्हणून मी खजिनदारांकडून जुनी वही मागून घेतली आणि दोन रात्री चाळली. तिच्यात एक पान सापडले, त्याचा कुणी कधी हिशेब केलेला नाही. ते पान पासांचे. अंतिम सामन्याला सावलीतल्या खुर्च्यांचे जवळजवळ चारशे पास फुकट वाटले होते: पुढारी, त्यांचे मेहुणे, कंत्राटदार, दुकानदार, समितीचे सभासद आणि त्यांची कुटुंबे. ज्यांच्या दारात मोटार उभी आहे ते चारशे जण फुकट, आणि उन्हात उभा राहणारा हमाल शंभर रुपये! या खुर्च्यांना पाचशे रुपये लावले तर दोन लाख होतात. गोलमागची जागा तीस रुपयांना, शाळकरी पोरांना दहा, आणि तरीही गल्ला गेल्या वर्षीपेक्षा खाली येत नाही. साडूभाऊ, बेरीज तपासून पाहा. तुमचाच धंदा आहे.

तसा ठराव मी लिहून खजिनदारांना दिला आहे. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "मास्तर, यात तुमचाही पास जातो," एवढेच म्हणाले. सभा तुळशीच्या लग्नानंतर आहे.